शेकर चालू होता

आधी माफी मागतो. एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर त्याला पुरतं ओळखलेलं असावं लागतं, आणि लिहिणाऱ्याचं मन तरी स्वच्छ असावं लागतं. माझ्याकडे दोन्ही नाही. महानंदा मॅडमना मी तीन वर्षं पाहिलं, तेही बहुतेक प्रयोगशाळेतच. त्यांचं बालपण, त्यांनी लग्न का केलं नाही, हे मला ठाऊक नाही आणि विचारायची कधी हिंमतही झाली नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील देगलूरला शिलाईचं काम करतात. आमच्याकडे लिहिणं म्हणजे मापं लिहिणं, छाती, कंबर, बाही. त्यामुळे हे कुठं ढगळ झालं, कुठं घट्ट झालं, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण लिहिल्याशिवाय आता राहवत नाही.

लातूरला आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या मजल्यावर शेवटची खोली मॅडमची. त्या तासिकांवर शिकवायच्या, म्हणजे कायम नव्हत्या, आणि उरलेल्या वेळात पीएचडीचं काम करायच्या. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिथं औषधी अळिंबी वाढवतात. मला वाटलं, आत भुईछत्र्यांच्या रांगा असतील. बघतो तर एक लोखंडी यंत्र गरागरा हलतंय, त्याच्यावर काचेचे फ्लास्क चिमट्यांत बसवलेले, आणि फ्लास्कमध्ये गढूळ, पिवळसर पाणी. पाण्यात पांढरे बारीक गोळे फिरत होते.

"काय बगून राहिलास?" मॅडम म्हणाल्या.

"अळिंबी कुठं आहे मॅडम?"

"ही काय. छत्री लागती का तुला? पाऊस पडून राहिलाय का इथं?"

मी ओशाळलो. मग त्यांनी विचारलं, गाव कुठलं, घरी काय करतात. मी म्हणालो, देगलूर, शिलाई. शिलाई हा शब्द मी कॉलेजात नेहमी हळू उच्चारायचो. त्यांनी माझा उजवा हात मनगटाशी धरून उताणा केला आणि बोटं बघितली.

"सुईत दोरा कोण ओवतं घरी?"

"मीच. वडिलांना आता दिसत नाही नीट."

"मग ये उद्या. मला हात न थरथरणारा माणूस पाहिजे."

त्या दिवसापासून माझं नाव देगलूर. मॅडम कुणालाही नावानं हाक मारायच्या नाहीत. औसा, मुखेड, चाकूर, कंधार अशीच आमची हजेरी असायची. एकाच गावचे दोघं आले तर धाकट्याला गावाच्या शेजारचं खेडं मिळायचं.

मॅडम सडपातळ होत्या, पंचेचाळिशीच्या पुढे. कपाळावर विभूतीची पुसट रेघ आणि गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करंडी. दिव्याच्या ज्योतीजवळ काम करायला वाकण्याआधी त्या करंडी उचलून पाठीवर टाकायच्या. ती पाठीवर गेली की आम्ही बोलणं बंद करायचो. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घ्यायचो. कारण त्या गढूळ पाण्यात बुरशीला गोड लागतं ते सगळं असतं, बटाट्याचा अर्क, साखर, आणि हवेतली कुठलीही आगंतुक बुरशी त्यात पडली तर चार दिवसांत सगळा फ्लास्क हिरवा.

त्या उदगीरच्या. घरचं धान्याचं आडत दुकान, मोंढ्यात. त्यामुळे त्यांची सगळी मापं धान्याची होती. वहीत मिलिमीटर लिहायच्या, पण तोंडानं म्हणायच्या, "आज राळ्याएवढं हाय, उद्या ज्वारी होईल, पाचव्या दिवशी साबुदाणा." साबुदाण्याच्या पुढं गेलं की काम थांबवायचं. एका फ्लास्कमधली वाढलेली बुरशी थोडी घेऊन दुसरीकडे घालतात, त्याला त्या विरजण म्हणायच्या. मला वाटतं पुस्तकातला शब्द त्यांनी आम्हाला परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगितला.

मी एकदा विचारलं होतं की झाडावर उगवते ती तशीच का घेत नाहीत. त्या म्हणाल्या, "झाडावरचं एक कडू, एक फिकं. कुठं ऊन लागलं, कुठं न्हाई. औषध करायचं तर आजचा थेंब आन् उद्याचा थेंब सारखा पाहिजे का न्हाई? म्हणून हे पाण्यात. तेच खाणं, तीच ऊब, तेच फिरणं." बुरशी वाढताना पाण्यात एक चिकट पदार्थ सोडते, तो त्यांना हवा होता. गाळलेल्या पाण्यात गार अल्कोहोल ओतलं की तो पांढऱ्या धाग्यांसारखा वर यायचा. शरीराची रोगाशी झुंजायची ताकद त्यानं वाढते का, हे त्यांना तपासायचं होतं. वाढते असं त्या कधीच म्हणायच्या नाहीत. "बगून राहिलोय," एवढंच.

पहिल्याच महिन्यात माझ्या हातून सहा फ्लास्क गेले. मी शिंकलो होतो. चौथ्या दिवशी सगळ्यांवर हिरवी साय आली. मी वहीत लिहिलं, 'फ्लास्क खराब झाले.' मॅडमनी ते वाचलं आणि कपाटातून स्वतःची जुनी वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्यात एका पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होतं, 'आज विरजण टोचताना मला जांभई आली. तीन फ्लास्क गेले. रात्री मावसबहिणीशी फार वेळ गप्पा मारल्या होत्या.' दुसऱ्या पानावर, 'आज भांडून आले होते. हात जोरात चालला. काच फुटली.'

"वहीला लाजायचं न्हाई, देगलूर," त्या म्हणाल्या. "माणसाला लाज, देवाला लाज, वहीला न्हाई. कुणाचं तरी आयुष्य ह्याच्यावर उभं राहायचंय पुढं."

मी खराब झालेल्याच्या पुढं लिहिलं, 'मी शिंकलो.' त्यांनी खाली सही केली आणि म्हणाल्या, "साकु." साकु म्हणजे पुरे. कानडी शब्द. घरी त्या कानडीच बोलायच्या. राग आला किंवा आनंद झाला की इथंही निघायचं.

त्यांच्या त्या बुरशीची गोष्ट सांगायला हवी. ती कुठल्या संस्थेतून मागवलेली नव्हती. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या भागात सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करून पूजा करतात, भज्जी आणि आंबील पोटभर खातात. मी त्या खोलीत जायच्या चार-पाच वर्षं आधी, त्या दिवशी मॅडम उदगीरजवळच्या त्यांच्या शेतात होत्या. बांधावरच्या जुन्या बाभळीच्या बुडाला लाकडी कानासारखं काहीतरी उगवलेलं, वरून लाख लावल्यासारखं तांबूस चकचकीत. जेवणाच्या पंगती बसल्या आणि या बाई गुडघ्यावर बसून पेन्सिलच्या ब्लेडनं ते कापत होत्या. त्यांचे भाऊ शिवराज म्हणाले होते, "अक्का, लोक येळवशीला भज्जी खायला येतात, तू लाकडं खायला आलीस का?" ही गोष्ट सांगताना मॅडम दर वेळी भावाची नक्कल करायच्या आणि दर वेळी तितक्याच हसायच्या. त्या वाणाचं नावच येळवस. पुढं रस्ता रुंद झाला, बांध गेला, बाभूळ गेली. येळवस फक्त मॅडमच्या फ्रिजमधल्या नळ्यांत उरली. दर काही महिन्यांनी त्या जुन्या नळीतून नव्या नळीत ती हलवत राहायच्या.

एकदा निलंग्याहून एक गृहस्थ आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत बायकोची फाइल. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की लातूरला एक बाई कॅन्सरवर अळिंबीचं औषध करतात. ते दारातच हात जोडून उभे राहिले.

"तेवढं औषध द्या वो ताई. लई लांबून आलोय."

मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं. प्रयोगशाळेचे शिपाई रज्जाकमामा होते, त्यांना चहा सांगितला. फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग हलणाऱ्या फ्लास्ककडे बोट केलं.

"दादा, हे औषध न्हाई. हे अजून पाणी हाय. उद्या होईल का औषध, मला ठाऊक न्हाई."

"तरी एक बाटली द्या. बुडत्याला काडी."

"काडी दिली तर तुम्ही काडीच धरून बसाल. दवाखाना सोडाल." त्यांनी फाइलमधल्या एका कागदावर बोट ठेवलं. "ही तारीख चुकवू नका. ह्या तारखेला वैनीला घेऊन जावाच. मला सांगा, जाताल का?"

ते गृहस्थ रडायला लागले. मॅडमनी त्यांना बाटली दिली नाही. स्टँडपर्यंत मात्र त्या स्वतः सोडायला गेल्या. परत आल्यावर रज्जाकमामा म्हणाले, "मॅडम, थोडा पानी दे देते तो क्या बिगडता? दिल को तसल्ली होती बेचारे के." मॅडम म्हणाल्या, "मामा, तसल्लीच तर इकायची न्हाई मला."

आता ते सांगायला हवं ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

माझं एम.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं. मॅडमच्या पीएचडीला मुदत होती आणि ती त्या हिवाळ्यात संपणार होती. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत मोठं पात्र होतं, ज्यात एका वेळी पाच लिटर वाढवता येतं. ते मिळण्यासाठी नंबर लावावा लागायचा. मॅडमच्या दोन खेपा झाल्या होत्या, दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे. तिसरी तशीच आली की प्रबंध पुरा. प्रबंध पुरा झाला तर नोकरी कायम व्हायची आशा. तिसऱ्या खेपेची तारीख मिळाली ती दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. त्यासाठी पाच फ्लास्क विरजण शेकरवर लावलेलं होतं. शेकर म्हणजे ते हलणारं यंत्र. तो एक क्षणही थांबायचा नाही, कारण ढवळल्याशिवाय पाण्यातल्या बुरशीला हवा मिळत नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मॅडम सणाला दोन दिवस उदगीरला निघाल्या. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाल्या, "देगलूर, काही करू नकोस. नुसता बग. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. लाइट गेली तर मामाला फोन कर, मामा जनरेटर लावतेत."

मी सणाला घरी जाणार नव्हतो. खंडेनवमीला सकाळी वडिलांचा फोन आला. आमच्या घरी त्या दिवशी दोन्ही मशिनी पुसून, तेल देऊन, पट्टे काढून ठेवतात. हळदकुंकू, झेंडू. दसऱ्याला सोनं वाहीपर्यंत कुणी मशिनीचा पायटा हलवत नाही. वर्षभर ज्यानं पोट भरलं, त्याला एक दिवस विसावा द्यायचा. ऐन सणात गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी वडिलांनी कधी हे मोडलेलं मला आठवत नाही. फोनवर ते म्हणाले, "तिकडं तू ज्याच्यावर शिकून राहिलास, त्याची पूजा कर बाबा. आन् एक दिवस हात लावू नको त्याला."

मी गंजगोलाईच्या बाजारातून झेंडू आणला. सूक्ष्मदर्शकाला, वजनकाट्याला, वाफेनं जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हला हळदकुंकू लावलं. शेकरपाशी आलो. तो फिरत होता. फिरत्या यंत्राला कुंकू कसं लावायचं? मी बटण दाबलं. तो थांबला. कुंकू लावलं, फुलं ठेवली, हात जोडले. आणि परत चालू करायला हात पुढं गेला तेव्हा मला वाटलं, आज नको. आज चालवलं तर अपशकुन होईल. मॅडमच्या तिसऱ्या खेपेला काही व्हायला नको. खरं सांगतो, मी हे त्यांचं काम सुखरूप व्हावं म्हणून केलं. एक दिवसानं काय होतंय, असंही मनात आलं. झाडावर तर ती पावसाळाभर बसून असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपट्याची पानं वाहून मी शेकर चालू केला. तेव्हा फ्लास्क नीट बघितले. गोळे तळाला बसून एकमेकांत गुंतले होते. वर एक पातळ कातडी धरली होती. शेकर फिरायला लागल्यावर तो एकच लगदा काचेवर आदळत फिरू लागला. मला वाटलं फुटेल, सुटेल. संध्याकाळी जाऊन बघितलं. सुटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम थेट स्टँडवरून आल्या. खांद्यावर पिशवी तशीच. त्यांनी शेकरवरचं कुंकू बघितलं, वाळलेली फुलं बघितली आणि हसल्या. "पूजा केलास? बरं केलास." मग एक फ्लास्क उचलून ट्यूबलाइटसमोर धरला. मनगट एकदा फिरवलं. दुसरा उचलला. तिसरा.

"लाइट गेली होती का?"

"न्हाई मॅडम."

"शेकर चालू होता?"

मी म्हणालो, "हाव."

ते हाव मी का म्हणालो हे मी इतकी वर्षं शोधतो आहे. भ्यालो, एवढंच सापडतं. मला वाटलं, त्या पुन्हा विचारतील. पुन्हा विचारलं तर सांगू. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना माझ्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही. त्यांनी रज्जाकमामांना विचारलं, मामा म्हणाले, "लाइट तो गयीच नै मॅडम, मैं खुद था नीचे." त्यांनी तापमान तपासलं. बटाट्याचा अर्क तपासला, साखर तपासली. शेकरचे फेरे मोजले. सगळं बरोबर. मग वही उघडून त्यांनी लिहिलं, आणि ते मी उलट्या बाजूनं वाचलं, 'शेकर अखंड चालू होता.' पुढं कंसात माझं खरं नाव. तीन वर्षांत त्यांच्या हातून माझं नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

एक सहकारी बाई म्हणाल्या, "अहो, मिक्सरला फिरवून घ्या आणि घाला तसंच. कुणाला कळणार आहे?" मॅडम म्हणाल्या, "मला." नांदेडची तारीख त्यांनी सोडली.

मग त्यांनी नळीतून नवं विरजण लावलं. या वेळी मी रोज दोनदा नाही, चारदा बघायला जायचो. पाचव्या दिवशी साबुदाण्याएवढे सुटे, सुरेख गोळे तयार. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, "मॅडम, झालं की नीट! बघा!" त्यांनी एक फ्लास्क उचलून उजेडाकडे धरला.

"हे तर वाईट झालं, देगलूर."

"वाईट कसं?"

"तेच खाणं, तीच ऊब, तेच फिरणं. एकदा असं आन् एकदा तसं. बिघडलीच असती तर बिघडली म्हटलं असतं. आता हिच्यावर भरवसा कसा ठेवायचा? सात वर्षं हलवत राहिले ह्या नळीतून त्या नळीत. वाण थकला असंल. मंग त्या दोन खेपा तरी खऱ्या कशावरून?"

तेव्हा बोलायचं होतं. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. वाण थकलेला नाही, हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. त्यांच्या सात वर्षांचे आकडे खरे आहेत, हेही. एक वाक्य होतं. मी म्हणालो, "मॅडम, चहा सांगू का?"

मुदत वाढवून मिळते, त्यासाठी अर्जात कारण लिहावं लागतं. मॅडमकडे लिहायला कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते माझ्याकडे होतं. त्यांनी अर्ज केला नाही. पुढच्या जूनला त्यांच्या तासिका पीएचडी झालेल्या एका सरांना मिळाल्या. ते सर चांगले आहेत, त्यांचा दोष नाही.

खोली रिकामी करायच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. फ्रिजमधून येळवशीच्या नळ्या काढल्या. अकरा होत्या. जाळीच्या भांड्यात ठेवून त्यांनी त्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, म्हणजे मारायला. मी म्हणालो, "मॅडम, राहू द्या की. एखादी तरी." त्या म्हणाल्या, "पुढं कुणी पोरगं येईल, चांगली समजून हिच्यावर चार वर्षं घालवंल. नको." झाकणाचे स्क्रू घट्ट आवळायला जोर लागतो. त्यांना ते जमायचं नाही, नेहमी मीच करायचो. त्या दिवशीही मीच आवळले. सहा स्क्रू, समोरासमोरचे आधी. शिट्टी झाली तेव्हा मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. पाठमोऱ्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो. मी नांदेडला एका प्रयोगशाळेत नोकरीला लागलो होतो. पहिल्या दिवाळीला ठरवून उदगीरला उतरलो, सांगायचंच म्हणून. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो. मोंढ्यात दुकान विचारत गेलो. मॅडम बाहेर पोत्यांजवळ उभ्या होत्या, मुठीत सोयाबीन घेऊन एका शेतकऱ्याला झापत होत्या. "ओलं हाय हे काका! वरून वाळवून आणलाव, आत हात घाला बगू. आठ दिवसांत बुरशी धरंल. मला बुरशी शिकवताव?" शेतकरी म्हणाला, "ताई, तुमच्या नाकापुढं मशीन बी फिकी." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"अय्यो! देगलूर! बा, बा!"

बा म्हणजे ये. त्यांनी मला आत बसवलं, लाडू दिले, शेव दिली, नोकरीचं सगळं विचारलं. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का ते विचारलं. मी वाक्य तोंडाशी आणलं. म्हणालो, "मॅडम, त्या तिसऱ्या खेपेचं..."

"ते बरं झालं बग," त्या म्हणाल्या. "मला आधी लई वाईट वाटलं. मंग वाटलं, वेळेवर कळलं. न्हाईतर मी खोटं छापलं असतं, आन् कुण्या निलंगेकरानं त्याच्यावर जीव टाकला असता. तेवढं एक पुण्याचं काम झालं माझ्या हातून." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. खरं समाधान. मी ते काढून घेऊ शकलो नाही. काढून घ्यायला नको होतं की घ्यायलाच हवं होतं, मला आजही कळत नाही. कारण त्याच्याखाली त्यांची सात वर्षं गाडलेली होती आणि ती खरी होती.

निघालो तेव्हा त्या पायरीपर्यंत आल्या. गळ्यातली करंडी सोयाबीनच्या धुळीनं मळली होती, ती पदरानं पुसत होत्या. म्हणाल्या, "येत जा." मी वळून बघितलं तोवर त्या पुन्हा पोत्यात हात घालून उभ्या होत्या.

त्यानंतर दोन वर्षं मी रोज उद्या सांगू म्हणत राहिलो. मग या वर्षी उन्हाळ्यात, नव्या मुलांना वही कशी लिहायची ते शिकवताना माझी जीभ अडखळली. त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. वहीत लिहितात तसं. खंडेनवमीला अकरा वाजता शेकर मी बंद केला. दसऱ्याला दुपारी तीनला चालू केला. तुम्ही विचारल्यावर खोटं बोललो. येळवस थकली नव्हती. तुमच्या दोन्ही खेपा खऱ्या आहेत. खाली सही केली आणि फोन नंबर लिहिला. उदगीरला पोस्टानं पाठवलं.

बाराव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तुम्ही देगलूरचे ना? अक्काकडं शिकायला होते ते? मी शिवराज बोलतोय, उदगीरहून."

"हाव, बोला."

"तुमची चिठ्ठी आली. अक्काच्या नावची होती, मीच फोडली. अक्का गेली हो. संक्रांतीच्या आधी. दुकानातच छातीत कळ आली. लातूरला नेईपस्तोर सुद्धा..." ते थांबले. मग म्हणाले, "दोनदा वाचली मी चिठ्ठी. शेकर, विरजण, कसली खेप. मला त्यातलं काही कळंना. तुम्ही सरळ सांगा. आमची आई कवापासून एकच इचारून राहिली, पोरगी एवढी शिकली आन् अर्ध्यातनं का आली, कॉलेजात तिचं काही चुकलं होतं का. तर चुकलं होतं का काही?"

"न्हाई," मी म्हणालो. "त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं. त्यांचं सगळं बरोबर होतं."

त्यांनी फोन बाजूला धरून आईला मोठ्यानं कानडीत सांगितलं. त्यांना ऐकू कमी येत असावं, कारण दोनदा सांगितलं. पलीकडून म्हातारा आवाज आला, थोडकाच.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"काही न्हाई," शिवराज म्हणाले. "आई इचारती, हे अक्काला ठाऊक होतं का?"

मी म्हणालो, "न्हाई."